झोप लागत नसेल तर उशिरा पडा : तुटक झोप, रात्रपाळी आणि रात्रीचं पाणी

साडेनऊला अंथरुणावर पडून डोळा बाराला लागत असेल, तर साडेनऊला पडू नये. निद्रानाशावरच्या उपचाराचा गाभा एवढाच आहे आणि लोकांना नेमका तोच पटत नाही. झोप कमी मिळते म्हणून माणूस लवकर पाठ टेकतो, सकाळी तासभर जास्त लोळतो, दुपारी आडवा होतो. या तिन्ही गोष्टी मिळून पुढच्या रात्रीची झोप खातात.

असं का होतं? जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जागं राहू तितका झोपेचा दाब वाढतो, झोपलो की उतरतो. दुपारच्या दीड तासाच्या झोपेत त्यातला बराच दाब खर्च होतो, मग रात्री दहाला तो पुरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. ते सकाळच्या उजेडावर लागतं आणि रात्रीच्या उजेडाने मागे पडतं. झोप येण्याची वेळ आपल्या हातात नाही, उठण्याची मात्र आहे. म्हणून सगळी मांडणी उठण्याच्या वेळेपासून करायची.

सातारा-सांगलीकडे झोपेची तक्रार दोन तऱ्हांची असते. एक, रात्र मोकळी आहे पण झोप येत नाही. दोन, झोप येते पण रात्रच मोकळी नाही: उसाला रात्रीच्या लाईटवर पाणी पाजायचंय, कारखान्यात पाळी आहे, एमआयडीसीत तिसरी शिफ्ट आहे, मिरजेत हॉस्पिटलला नाईट ड्युटी आहे. दोघांनाही आपण निद्रानाशच म्हणतो. उपाय मात्र वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याने केला तर त्रास वाढतो.

आधी चौदा दिवस नुसती नोंद

दोनशे पानी वही घ्या, मोबाईलवरचं ॲप नको. रोज सकाळी उठल्यावर एका ओळीत लिहा: अंथरुणावर किती वाजता पडलो, अंदाजे झोप कधी लागली, मध्ये एकूण किती वेळ जागा होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरूण किती वाजता सोडलं. शेवटी दुपारची झोप किती आणि शेवटचा चहा कधी. तंबाखू किंवा मिश्री लावली असेल तर तीही वेळ टाका.

रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. अंदाज चालतो. रात्री वेळ बघितली की डोकं लगेच गणित मांडतं, "आता झोपलो तरी चारच तास", आणि उरलीसुरली झोपही जाते. भिंतीवरचं घड्याळ उतरवा, मोबाईल उपडा ठेवा. मनगटावरच्या पट्ट्यांवर "गाढ झोप ४० मिनिटं" असले आकडे येतात, तेही बाजूला ठेवा. झोपेच्या अवस्था या पट्ट्यांना नीट ओळखता येत नाहीत आणि आकडा कमी दिसला की ज्याची झोप बरी झाली होती तोही दिवसभर थकल्यासारखा वागतो.

या नोंदीत काही जणांची तक्रार तिथेच संपते. आजोबा रात्री साडेआठला झोपतात आणि पहाटे तीनला उठून बसतात. घरात सगळे म्हणतात, आण्णांना झोप नाही. पण साडेआठ ते तीन म्हणजे साडेसहा तास झाले. वयपरत्वे घड्याळ थोडं पुढे सरकतं आणि आण्णांची झोप पूर्ण झालेली असते. त्यांनी संध्याकाळी पाच ते सहा उन्हं उतरताना बाहेर फिरावं, जेवणानंतर खुर्चीत पेंगू नये आणि दहाला पडावं. यात गोळीचं काही काम नाही.

आठवड्यातून निदान ३ रात्री त्रास आणि तोही ३ महिने किंवा जास्त, शिवाय दिवसा कामावर परिणाम, असं असेल तर तो जुनाट निद्रानाश. पुढचा हिशेब त्यांच्यासाठी.

अंथरुणातला वेळ कापणे

ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडली. आजही गोळीच्या आधी हीच आणि तिच्या जोडीच्या सवयी वापराव्यात असं डॉक्टरांच्या संघटना सांगतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांसाठी तशी स्पष्ट शिफारस केली.

समजा चौदा दिवसांची सरासरी अशी निघाली: अंथरुणात साडेआठ तास, म्हणजे ५१० मिनिटं, प्रत्यक्ष झोप ५ तास २० मिनिटं, म्हणजे ३२० मिनिटं. ३२० भागिले ५१०, गुणिले १००. उत्तर सुमारे ६३ टक्के. चांगलं झोपणाऱ्याचा हा आकडा ८५च्या पुढे असतो.

आता उठण्याची वेळ ठरवा. ज्या घरात पहाटे धार काढून डेअरीला दूध घालायचं असतं, तिथे ती आधीच ठरलेली असते आणि ही त्यांची जमेची बाजू आहे. उदाहरणापुरती साडेपाच धरू. झोप ५ तास २० मिनिटं मिळते, म्हणून अंथरुणात साडेपाच तास. म्हणजे रात्री बाराच्या आधी पडायचं नाही आणि साडेपाचला कसंही उठायचं. रविवार, लग्नसराई, रात्री झोप झाली नाही, कुठलीही सबब नाही. साडेपाच तासांच्या खाली कधीही जायचं नाही, नोंद चारच तास दाखवत असली तरी. साठीच्या पुढच्यांनी सहा तासांपासून सुरुवात करावी.

आठवड्याने पुन्हा टक्के काढा. समजा सरासरी ५ तास झोप झाली: ३०० भागिले ३३०, म्हणजे ९१ टक्के. आता पडण्याची वेळ १५ मिनिटं अलीकडे घ्या, पावणेबारा. टक्के ८५ ते ९० असतील तर आहे तीच वेळ आणखी आठवडाभर ठेवा. ८५च्या खाली असतील तर १५ मिनिटं कापा, पण ती साडेपाच तासांची सीमा पाळून. उठण्याची वेळ कधीच हलवायची नाही, बदल सगळा पडण्याच्या वेळेत. दिवसभर तरतरीत वाटायला लागेल तिथे थांबा. कुणाचं सव्वासहा तासांत भागतं, कुणाला साडेसात लागतात.

कुठे बिघडतं ते सांगतो. पहिले आठ-दहा दिवस आधीपेक्षा वाईट जातात आणि बहुतेक लोक तिथेच सोडतात. दुसरं, रात्री साडेनऊला टीव्हीसमोर सोफ्यावर पंधरा मिनिटं डोळा लागतो. ही "मोजायची नाही" अशी झोप सगळ्यात महागात पडते. नऊ ते बारा हा काळ बसून काढायचा नाही: भांडी घासा, उद्याची भाजी निवडा, कपड्यांना इस्त्री करा, जेवणानंतर गल्लीत दोन फेऱ्या मारा. तिसरं, सकाळी एस.टी.त खिडकीला डोकं टेकून झोपणं. साताऱ्याहून पुण्याला रोज ये-जा करणाऱ्यांची निम्मी झोप गाडीतच होते, मग घरी रात्री टक्क जाग. या काळापुरतं उभं राहा किंवा शेजाऱ्याशी बोला.

काहींनी ही कापाकापी स्वतःच्या मनाने करूच नये. फिट येण्याचा आजार, बायपोलर म्हणजे अति-उत्साह आणि नैराश्याचे झटके, झोपेत चालणं, उपचार न झालेलं जोरदार घोरणं, गरोदरपण. आणि ट्रक, एस.टी., जेसीबी, ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवणारे. खंबाटकी घाटात पेंग आली तर टक्केवारीचा काही उपयोग नाही. दुचाकीवाल्यांनीही पहिले दोन आठवडे पहाटेचा लांबचा प्रवास टाळावा.

अंथरूण फक्त झोपेसाठी

वरच्या पद्धतीच्या जोडीला हे करावंच लागतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेले नियम आहेत आणि साधे आहेत. झोप आली तरच पडायचं. झोप येणं म्हणजे डोळे मिटायला लागणं. अंग दुखतंय, कंटाळा आलाय, हे नव्हे. पडून साधारण वीस मिनिटं झाल्यासारखी वाटली आणि झोप नाही, तर उठायचं. झापड आली की परत यायचं. पुन्हा नाही लागली, पुन्हा उठायचं. पहिल्या रात्रींत चार-पाच वेळा होतं.

उठून जायचं कुठे, हा दोन खोल्यांच्या घरातला खरा प्रश्न. बाहेरच्या खोलीत पोरं झोपलेली, आतल्या खोलीत आई. संध्याकाळीच स्वयंपाकघरात एक खुर्ची, एक शाल आणि मंद दिवा अशी जागा लावून ठेवा. झीरोचा पिवळा बल्ब पुरतो, मोठी ट्यूब नको. तिथे करायला हाताला चाळा असं काम हवं: वाती वळणं उत्तम, कारण आवाज नाही, उजेड कमी चालतो आणि त्यात मन अडकत नाही. कपड्यांच्या घड्या घालता येतात. जुना दिवाळी अंक चालतो, पण रहस्यकथा वगळून. शेंगा फोडू नका, आवाजाने घर उठतं. मोबाईल नाही, टीव्ही नाही, हिशेबाची वही तर नाहीच.

थंडीत उठवत नाही, हे खरं. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वर-वाईकडच्या लोकांनी निदान अंथरुणात उठून बसावं, पाठीला उशी लावून. पूर्ण उठण्याइतका गुण येत नाही, पण पडून कुशी बदलण्यापेक्षा बरं.

चहा, मिश्री, आणि संध्याकाळचे पाहुणे

एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि ते शरीरातून निम्मं व्हायला पाचेक तास लागतात. संध्याकाळी सहाला दोन कप घेतले, तर रात्री अकराला एका कपाइतकं अंगात शिल्लक असतं. कॅफीन ॲडेनोसिनची जागा अडवतं, म्हणजे दाब साठलेला असतो पण मेंदूला कळत नाही. शेवटचा चहा दुपारी दोनला. पाहुण्यांकडे नाही म्हणता येत नाही, तिथे "साखर बंद आहे, बिनसाखरेचं दूध द्या" म्हटलं की आग्रह थांबतो. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, पाकिटावर वाचा.

मिश्रीचा विषय कुणी काढत नाही. आपल्याकडे अनेक बायका रात्री भांडी झाली की मिश्री लावूनच झोपतात. "त्याशिवाय झोप येत नाही" असं सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू आणि निकोटीन जागं करतं. मग झोप आल्यासारखी का वाटते? दिवसभराची तलफ भागते म्हणून. पुढे रात्री दोन-तीनला निकोटीन उतरलं की जाग येते. बंदच करावी. तोवर निदान शेवटची मिश्री संध्याकाळी सातच्या आत. दारूचंही असंच: डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्र मोडते.

दुधातलं चिमूटभर जायफळ अपाय करत नाही, झोपेची हमीही देत नाही. गुण येत नाही म्हणून कुणी अर्धं जायफळ उगाळतात, तेव्हा मात्र धडधड, उलट्या, भास होतात. प्रमाण चिमटीबाहेर जाऊ देऊ नका.

डोक्यातला हिशेब

संध्याकाळी सातच्या सुमाराला पंधरा मिनिटं, वहीचं पान मधोमध दुमडून. डावीकडे काळजी, उजवीकडे त्यातली पुढची एकच कृती. "सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचंय" याच्यासमोर "सोमवारी सचिवांना भेटून नक्की आकडा विचारणे". "थोरलीचं लग्न" याच्यासमोर काहीच सुचलं नाही तर "आज काही नाही" असं लिहा. रात्री विषय आला की तो वहीत आहे एवढं स्वतःला सांगता आलं पाहिजे.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये मिरज, तासगाव, जत, आटपाडीकडे स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, तेच होत नाही. पाणी मुबलक असेल तर सूर्यास्ताच्या वेळी गच्चीवर मारा, भर दुपारी नको. वरच्या मजल्याऐवजी तळमजल्यावर झोपा. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. गच्चीवर मच्छरदाणी लावून झोपणं चांगलं, वर पहाटेचा उजेड फुकट मिळतो. जत्रा आणि वरातींच्या दिवसांत कापसाच्या बोळ्यांनी काही होत नाही, मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात ते घ्या.

हिवाळ्यात उलटी अडचण. आपल्याकडे जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, मे-जूनमध्ये सहाच्या सुमाराला. साडेपाचला उठणाऱ्याने जानेवारीत घरातले सगळे दिवे लावावेत आणि उजाडल्यावर वीस-तीस मिनिटं अंगणात काढावीत. अभ्यासिकेत रात्री तीनपर्यंत बसून दुपारी बाराला उठणाऱ्या पोरांनाही हाच उपाय: उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणि उठल्याबरोबर बाहेरचा उजेड. झोपण्याची वेळ आपोआप मागून येते. एका रात्रीत बाराचे सहा करायला गेलं की तिसऱ्या दिवशी गाडी मूळ पदावर.

रात्र मोकळी नसेल तर

यांनी वरची कापाकापी करू नये. यांना झोप कमीच मिळते, ती गोळा करायची आहे.

शेतीची थ्री फेज लाईट आलटून-पालटून येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सौरऊर्जेचा फीडर झालेल्या गावांत दिवसा मिळते, बाकीच्यांना दारं धरायला रात्रीच जावं लागतं. दोन-तीन रात्रींसाठी शरीराचं घड्याळ उलटं करायचा प्रयत्न करू नका. ते तेवढ्यात उलटत नाही आणि सुलट करताना पुन्हा चार दिवस जातात. त्याऐवजी असं करा. ज्या रात्री जायचंय त्या दुपारी दीड ते तीन झोप काढा. संध्याकाळी सात-आठला झोपायचा प्रयत्न बहुतेकांचा फसतो, त्या वेळी शरीर सर्वांत जागं असतं. चहा रात्री एकपर्यंत, नंतर नाही. एक सरी भरायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक असतं. त्या हिशेबाने दोन ते चारच्या मध्ये वीस मिनिटांचा गजर लावून डुलकी घ्या, पण बांधावर किंवा जमिनीवर नाही. मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. मोटारीच्या खोलीत बाज टाकून ठेवा, तिला मच्छरदाणी लावून कडा आत खोचा.

सकाळी घरी आल्यावर हलकं खाऊन सात ते साडेदहा-अकरा झोप, मग उठायचंच. दिवसभर झोपलात तर ती रात्रही गेली. त्या रात्री नेहमीपेक्षा तासभर लवकर पडा. दिवसा झोपताना खिडकीला जाड गोधडी ठोका, फॅन चालू ठेवा म्हणजे त्याच्या आवाजात बाहेरचे आवाज बुडतात, आणि मोबाईल घरातल्या माणसाच्या ताब्यात द्या. पंपाला ऑटो स्टार्टर बसवला म्हणून झोप वाचत नाही, पाटपाण्याला माणूस लागतोच. वाचते ती ठिबकने, कारण व्हॉल्व्ह एकदा लावला की काही तास मोकळे मिळतात.

आठवडाभर सलग रात्रपाळी असेल, समजा अकरा ते सात, तर सकाळी साडेआठ ते दीड ही मुख्य झोप आणि कामावर निघण्याआधी जमेल तशी तासा-दीड तासाची दुसरी. मुख्य जेवण पाळीच्या आधी घरी, पहाटे तीनला फक्त हलकं काही, कारण त्या वेळी पोटही झोपलेलं असतं. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच. घरी येताना गॉगल घातला तर सकाळचा उजेड कमी लागतो, मात्र पेंग येत असेल तर गॉगल नको आणि गाडीही नको, कंपनीची बस किंवा कुणाच्या मागे बसून या. पाळ्यांचा क्रम ठरवण्यात तुमचा शब्द चालत असेल तर सकाळ, दुपार, रात्र असा पुढे जाणारा मागा. उलट्या क्रमापेक्षा तो अंगाला सोसतो.

गोळ्या आणि तपासण्या

अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपामची अर्धी गोळी शेजारणीकडून मागून घेणं हा प्रकार गावोगाव आहे. या गोळ्यांची सवय लागते, म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं, आणि रोज घेणाऱ्याने एकदम बंद केल्या तर झोप पूर्ण उडते, क्वचित फिटही येते. महिनोन्महिने घेत असाल तर एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत उतरवायच्या.

काही वेळा मूळ दुखणं वेगळंच असतं. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड, दिवसा बसल्या जागी डोळा लागणं: ही स्लीप ॲप्नियाची लक्षणं आहेत आणि त्यासाठी रात्रभराची झोपेची तपासणी लागते. पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. बाळंतपणानंतर आणि पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांत लोहाच्या कमतरतेने हे होतं. रात्री चार वेळा लघवीला उठावं लागत असेल तर साखर तपासा, पुरुषांनी प्रोस्टेटही, आणि लघवीची गोळी संध्याकाळी घेत असाल तर ती सकाळी घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा. धडधड, वजन उतरणं असेल तर थायरॉईड. दम्याची थिओफायलिनची गोळी आणि स्टेरॉइडही झोप उडवतात.

पहाटे तीन-चारला रोज जाग, उठावंसं न वाटणं, कशात मन न लागणं, हे दोन आठवडे टिकलं तर ते नैराश्य असू शकतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल तर सकाळची वाट न बघता आत्ताच लावा.

सहा ते आठ आठवडे सगळं नेमाने करूनही टक्के ८५च्या खालीच राहिले, तर डॉक्टरांकडे जा आणि वही बरोबर न्या. "झोप येत नाही" एवढंच सांगितलं तर गोळी मिळण्याची शक्यता जास्त. वही पुढे ठेवली तर निदान प्रश्न तरी विचारले जातात.